प्रश्न वाचकांचे: कोनेरोची लाल वाइन, कोकणातलं ताट

मागच्या अंकात इटलीच्या एड्रिएटिक किनाऱ्यावरच्या मार्के प्रांतातल्या लाल वाइन्सची ओळख करून दिली होती. टस्कनीसारखं या प्रांताचं नाव गाजलेलं नाही आणि आपल्याकडे या बाटल्या क्वचितच दिसतात. तरीही अलिबागपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचकांनी पत्रं पाठवली. एकाच वळणाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

तो अंक ज्यांच्या हाती पडला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आंकोना बंदराच्या दक्षिणेला कोनेरो हा ५७२ मीटर उंचीचा चुनखडीचा डोंगर थेट समुद्रातून वर चढतो. त्याच्या उतारांवर आणि मागच्या टेकड्यांवर मोन्तेपुल्चानो जातीची काळी द्राक्षं होतात. त्यांची साधी वाइन म्हणजे रोस्सो कोनेरो; तिला १९६७ मध्ये डीओसी हा इटलीतला सरकारी, ठरावीक प्रदेश आणि नियमांना बांधलेला दर्जा मिळाला. जास्त मुरवलेली ती कोनेरो रिझेर्वा. तिला २००४ मध्ये त्याहून वरचा डीओसीजी दर्जा मिळाला. दोन्हींत मोन्तेपुल्चानो किमान ८५ टक्के असावी लागते, उरलेल्यात सान्जोव्हेझे चालते. रिझेर्वा दोन वर्षं मुरल्याशिवाय बाजारात येत नाही.

वाइन समुद्राकाठची, मग माशाबरोबर चालायला हवी. पण तळलेल्या बांगड्याबरोबर घेतली तर तोंडात गंजक्या खिळ्यासारखी चव आली. बाटली खराब होती का? (मालवण)

बाटली बहुधा ठीक होती, जोडी चुकली. द्राक्षबाग समुद्राकाठी असली म्हणजे वाइन माशासाठी केलेली असते असं नाही. खुद्द आंकोनाकडे माशाच्या ताटाबरोबर सहसा व्हेर्दिक्कियो ही पांढरी वाइन असते. रोस्सो कोनेरो निघते ती रानबडीशेप भरून भाजलेल्या सशाबरोबर, किंवा मांसाचे आणि पास्त्याचे थर लावून भट्टीत केलेल्या विन्चिस्ग्रास्सीबरोबर. कोनेरो डोंगराला पाठ समुद्राची असली तरी तोंड शेताकडे आहे.

त्या चवीचं कारण मात्र ठाऊक आहे. जपानच्या मर्सियन या वाइन कंपनीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये सुक्या शिंपल्यांबरोबर बऱ्याच वाइन्स चाखून पाहिल्या. ज्या वाइनमध्ये लोह जास्त, साधारण लिटरला दोन मिलिग्रॅमच्या वर, तिथे मासळीचा उग्र वास उठत होता. माशातल्या तेलाचा हवेशी संयोग होऊन वास सुटतो आणि लोह ती क्रिया झपाट्यानं पुढे रेटतं. म्हणून तेल जेवढं जास्त आणि मासा जेवढा शिळा, तेवढा त्रास जास्त. बांगडा आणि तारली तेलकट, त्यामुळे सगळ्यात अवघड. सुकट, सुका बांगडा, खारा मासा यांच्याबरोबर कुठलीच लाल वाइन घेऊ नका. त्यांचं तेल वाळतानाच अर्धं पुढे गेलेलं असतं. त्यात लाल वाइनमधल्या टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून उतरणाऱ्या द्रव्याचा, तुरटपणा वर पडला की तोंड कडूच होतं.

कोनेरोच हवी असेल तर ताट बदला. त्याच दिवशीची सुरमई जाड तुकड्यांत कापून, मीठ नीट लावून, रव्यात घोळवून कुरकुरीत तळा. मीठ आणि चरबीपुढे टॅनिन मऊ लागतं. मोरीचं मटण चालतं, कारण तिथे वाटप आणि गरम मसाला पुढे असतो, मासा मागे. तांबड्या रश्श्यात शिजवलेली माकुलंही चालतात. बांगड्याच्या तिखल्यासाठी मात्र गार बिअर किंवा साधं पाणीच बरं. तिरफळानं जीभ झिणझिणते, त्यावर लाल वाइनचं काहीच कळत नाही.

मग या वाइनला कोकणातलं बरोबर जेवण कुठलं? (कुडाळ, चिपळूण)

सुकं मटण. खोबरं खरपूस भाजलेलं वाटप, हाडाजवळचं मांस, वर थोडी चरबी. मोन्तेपुल्चानोला नेमकं हेच लागतं, कारण टॅनिनला धरायला प्रथिनं आणि चरबी मिळते. कोंबडी-वड्यांबरोबरही जमतं, फक्त कोंबडीचा रस्सा दाट ठेवा.

अडचण तिखटाची आहे. या वाइन्समध्ये मद्यार्क सहसा १३ ते १४ टक्के असतो. मद्यार्क आणि मिरची दोन्ही तोंड जाळतात, आणि एकावर एक आली की मसाला आहे त्याहून दीडपट वाटतो. मालवणी मसाला नेहमीच्या निम्मा घाला आणि रंगासाठी बेडगी वापरा. मसाला कमी करायचा नसेल तर वाइन आणखी दोन अंश गार प्या. घरातल्या ज्येष्ठांना मसाला कमी केलेला चालणार नसेल तर हाच मार्ग सोपा.

शाकाहारी ताटासाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं. त्यात भाजलेल्या खोबऱ्याची खमंग, किंचित कडसर चव असते आणि वाटाण्याचा पिठूळपणा टॅनिन शोषतो. आमच्या मते ही जोडी मटणाच्या तोडीची आहे, काकणभर सरसच. सोलकढी मात्र वाइनचा पेला रिकामा झाल्यावर घ्या. नारळाच्या दुधाची साय जिभेवर बसते आणि कच्ची लसूण सगळ्याला पुरून उरते. गोड पदार्थांचंही तेच: उकडीच्या मोदकानंतर हीच वाइन आंबट आणि कडू लागेल, दोष वाइनचा नसेल.

लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी असं सगळीकडे वाचतो. आमच्याकडे ती गरम सरबतासारखी लागते. (गुहागर)

ते ‘रूम’ युरोपातल्या थंडीतल्या दगडी घराचं आहे, तिथे १६-१८ अंश म्हणजे खोलीचं तापमान. गुहागरात एप्रिलच्या संध्याकाळी खोली ३० अंशांवर असते. तेवढ्या उष्णतेला मद्यार्क नाकात जातो, फळाचा वास दबतो आणि वाइन जड, पसरट लागते. कोकणात लाल वाइन गार केल्याशिवाय देऊच नये, आणि हे लेबल कुठलं आहे यापेक्षा महत्त्वाचं आहे.

रोस्सो कोनेरो १६ अंशांना, रिझेर्वा १७-१८ अंशांना चांगली लागते. पेल्यात ती आपल्या हवेत साधारण तीन-चार मिनिटांत एक अंश चढते, म्हणून बाटली दोन-तीन अंश जास्त गार काढा. ३० अंशांवरची बाटली साध्या फ्रिजमध्ये १५-१६ वर यायला पावणेदोन-दोन तास लागतात. घाई असेल तर बादलीत अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर जाडं मीठ. बाटली मानेपर्यंत बुडवा, मधूनमधून फिरवा, १२ ते १५ मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात ठेवू नका: खड्यांमध्ये हवा राहते आणि वेळ दुप्पट लागतो. फ्रीझरमध्ये ठेवायची तर गजर लावूनच. विसरलात तर वाइन उणे सहाच्या आसपास गोठायला लागते, फुगते आणि बूच वर ढकलते.

पेला एक तृतीयांशच भरा आणि बाटली परत बादलीत ठेवा. फार गार झाली तर तुरटपणा टोचायला लागतो. तेव्हा पेला दोन्ही तळव्यांत धरा, दोन मिनिटांत नरम पडते.

बाटली उघडताच कुजक्या अंड्यासारखा वास आला. दुकानदार म्हणाला, हवा लागू द्या. अर्ध्या तासानंतरही वास तसाच. (रत्नागिरी)

मोन्तेपुल्चानोची ही जुनी खोड आहे. आंबवताना यीस्टला पोषण कमी पडलं किंवा टाकीत हवा फारच कमी मिळाली की हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. बूच उघडून बाटली नुसती ठेवल्यानं काही होत नाही, कारण मानेपाशी हवेला जागा रुपयाएवढीच असते. वाइन मोठ्या काचेच्या भांड्यात उंचावरून ओता, बाटली स्वच्छ धुवा आणि वाइन परत तिच्यात ओता. हे दोनदा करा.

त्यानंही वास गेला नाही तर तांबं. चिंचेनं घासून, धुऊन, कोरडा केलेला शुद्ध तांब्याचा चमचा पेल्यात घालून दहा-पंधरा सेकंद ढवळा आणि काढून घ्या. सल्फाइड तांब्याला चिकटतं. वास लगेच उतरला तर दुखणं तेच होतं. पण वाइन तांब्याच्या लोट्यात ओतून ठेवू नका. वाइन आंबट असते, ती भांड्यातलं तांबं सोडवून घेते आणि ते पिणं चांगलं नाही. चमचा फिरवून काढायचा, एवढंच.

ढवळूनही जळक्या रबराचा किंवा कांद्याचा वास राहिला तर तो त्याच्या पुढचा टप्पा आहे, घरी त्याला इलाज नाही. पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास असेल तर दोष बुचाचा. त्यालाही उपाय नाही, बाटली परत करा. जुलैत घरातच ओला वास भरलेला असतो, तेव्हा निदान करण्याआधी पेला घेऊन पडवीत या आणि तिथे हुंगा.

घर कौलारू, वीज वेळेवर जाते. या बाटल्या किती दिवस टिकतील आणि ठेवायच्या कुठे? (देवगड, राजापूर)

रिझेर्वा चांगल्या तळघरात आठ-दहा वर्षं सहज जाते, रोस्सो कोनेरो चार-पाच. पण ते १३-१४ अंशांचं तळघर आपल्याकडे नाही. वाइनसाठीच्या छोट्या फ्रिजशिवाय कोकणात बाटली मुरवण्याच्या फंदात पडू नका. दिवाळीनंतर घ्या आणि फेब्रुवारी संपायच्या आत संपवा.

तेवढ्या काळापुरती घरातली जागा निवडायची ती सगळ्यात गार नसली तरी चालेल, तापमान सगळ्यात कमी हलणारी हवी. माजघरातलं खालचं फडताळ, मातीच्या जाड भिंतीला लागून, उत्तम. पोटमाळा सगळ्यात वाईट: दुपारी कौलं तापली की तिथे चाळिशी गाठते आणि रात्री उतरते. या चढउतारात वाइन फुगते-आकसते, बुचाच्या कडेनं आत-बाहेर हवा होते. चुलीजवळ किंवा स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर ठेवण्याची पद्धत दिसते, तीही सोडा.

मार्चपर्यंत उरलीच तर बाटली सरळ फ्रिजच्या खालच्या कप्प्यात आडवी टाका. दोन-तीन महिने काही बिघडत नाही. त्यापुढे मात्र फ्रिजची कोरडी हवा बूच आकसवते. वीज चार-सहा तास गेली तर काळजी नको, दार उघडू नका म्हणजे झालं.

पावसाळ्यात उलटं होतं. बूच मजेत राहतं, लेबलाला बुरशी येते. बाटलीला स्वयंपाकातली पातळ प्लास्टिकची फिल्म गुंडाळा. वरचं टोपण काढल्यावर बुचाच्या माथ्यावर काळपट बुरशी दिसली तर ओल्या फडक्यानं पुसा, ती आत गेलेली नसते. टोपणाखाली चिकट, वाळलेला ओघळ असेल तर प्रकरण वेगळं: बाटली कधीतरी तापून पाझरली आहे.

विकत घेताना हे आधी कळेल का? (महाड)

बरंचसं. टोपण दोन बोटांत धरून फिरवा. मोकळं फिरलं तर बहुधा पाझर नाही, चिकटून बसलं असेल तर संशय घ्या, काही टोपणं मुळातच घट्ट असतात ही गोष्ट वेगळी. बूच काचेच्या कडेशी सपाट हवं, वर आलेलं नको. बाटली उभी धरून उजेडात पातळी बघा. दोन-तीन वर्षांच्या वाइनची पातळी मानेतच हवी, खांद्यावर उतरलेली नको. काचेच्या दर्शनी कपाटात दिव्याखाली उभी ठेवलेली बाटली घेऊ नका, मागच्या खोलीतली मागा. चाखल्यावर ताज्या फळाऐवजी शिजवलेल्या मोरावळ्यासारखी गोडसर, थकलेली चव आली तर ती वाटेत तापलेली.

गोव्यातून आणली तर स्वस्त पडेल का? आणि मुलगा इटलीत आहे, तो किती आणू शकेल? (सावंतवाडी)

गोव्यात विक्रीसाठी आलेली दारू, वाइनसुद्धा, परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही. इन्सुलीच्या नाक्यावर गाडी तपासतात, आणि वाचलेल्या पैशांपेक्षा गुन्हा महाग पडतो. महाराष्ट्रात मद्य बाळगायला आणि प्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. तो एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो.

परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. ७५० मिलिलिटरच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरी घातली की सव्वादोन होतात आणि जास्तीच्या मालावर शुल्क बसतं, ते हलकं नाही. तिसरी हवीच असेल तर अर्धी बाटली, ३७५ मिलिलिटरची. सामानात प्रत्येक बाटली जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, कपड्यांत गुंडाळून, बॅगेच्या मधोमध ठेवायची. मुंबईहून गावी येताना मात्र डिकीत टाकू नका. मे महिन्यात बंद डिकी पन्नाशीला पोचते आणि सात-आठ तासांत इटलीपासून सांभाळलेलं सगळं वाया जातं. पायाशी ठेवा, एसीच्या झोतात. घरी आल्यावर आठवडाभर आडवी विसावू द्या, मगच उघडा.

मोन्तेपुल्चानो नावाच्या दोन वेगवेगळ्या बाटल्या दिसतात, कुठली घ्यायची? (पनवेल)

कोनेरोतली मोन्तेपुल्चानो ही द्राक्षाची जात. टस्कनीत त्याच नावाचं गाव आहे आणि तिथल्या ‘विनो नोबिले’त मुख्य द्राक्ष सान्जोव्हेझे असतं, नातं नाही. ‘मोन्तेपुल्चानो दाब्रुत्सो’ मात्र त्याच जातीची, मार्केच्या दक्षिणेला असलेल्या आब्रुत्सो प्रांतातली, आणि आपल्याकडे तीच जास्त सहज मिळते. कोनेरो मिळाली नाही तर तिच्यावर भागवा.

डीओसीजी बाटलीच्या मानेवर क्रमांक छापलेली कागदी सरकारी पट्टी असते, बाटली उघडताना ती फाटते. कोनेरो रिझेर्वावर ती नसेल किंवा फाटलेली असेल तर घेऊ नका.

मला जड वाइन झेपत नाही. किनाऱ्यावरचीच, पण हलकी काही? (अलिबाग)

दोन आहेत, आणि खरं तर माशाच्या घरांनी आधी याच शोधाव्यात.

पहिली मार्केतलीच, लाक्रिमा दी मोर्रो दाल्बा. आंकोना जिल्ह्यातल्या मोर्रो दाल्बा गावाभोवती लाक्रिमा नावाचं पातळ सालीचं द्राक्ष होतं. पिकलं की साल फुटून रस गळतो, म्हणून शेतकरी ते टाळत आले आणि १९८५ मध्ये डीओसी मिळाली तेव्हा बागा मोजक्याच उरल्या होत्या. रंग जांभळट, वास गुलाब आणि व्हायोलेट फुलांचा, इतका ठळक की काहींना अत्तरासारखा वाटतो. १४ अंशांना प्या, दोन-तीन वर्षांपेक्षा जुनी घेऊ नका, फुलांचा वास आधी उडतो. कोळंबीचं सुकं, भाजलेलं वांगं, हिरव्या वाटपातली कोंबडी यांच्याबरोबर चांगली. नेपल्सजवळच्या व्हेसुव्हियसच्या लाक्रिमा क्रिस्तीशी हिचा संबंध नाही, पिएमाँतेच्या आल्बा शहराशीही नाही.

दुसरी पार दुसऱ्या टोकाची, फ्रान्सच्या सीमेला लागून असलेल्या लिगुरियातली: रोस्सेसे दी दोल्चेआक्वा, १९७२ पासून डीओसी. द्राक्ष तेच जे फ्रान्सच्या प्रोव्हान्समध्ये तिबुरें म्हणून ओळखलं जातं. समुद्राकडे उतरणाऱ्या डोंगरावर दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्यांवर बागा आहेत, तिथे यंत्र चढत नाही, म्हणून किंमत वजनदार आणि माल थोडा. रंग फिका माणकासारखा, टॅनिन कमी, शेवटी किंचित कडवट. १३-१४ अंशांना गार करून तळलेल्या पापलेटाबरोबर, तिसऱ्यांच्या एकशिपीबरोबर ती छान जाते. नुसत्या ‘रोस्सेसे’वर १२ टक्के मद्यार्क पुरतो, ‘सुपेरिओरे’ लिहिलेल्या बाटलीला किमान १३ लागतो. तुम्हाला ‘सुपेरिओरे’ न लिहिलेलीच घ्यायला हवी.

समुद्राच्या वाऱ्यानं वाइन खारट होते का? आणि हे द्राक्ष आमच्या कातळावर लावलं तर? (जैतापूर)

खारट होत नाही. समुद्राचं काम तापमान सांभाळण्याचं: उन्हाळ्यात दुपार फार चढू देत नाही, शरदात थंडी उशिरा येऊ देतो. मोन्तेपुल्चानो उशिरा, ऑक्टोबरात पिकते, तिला ही लांबण हवी असते.

कातळावर लावू नका. आपला पाऊस तिथल्यापेक्षा तीन-चार पट, आणि तोही चार महिन्यांत कोसळणारा. केवड्यासारखे बुरशीचे रोग पानांवर बसतील, आणि हिवाळ्यात वेल झोपायला जी थंडी लागते ती इथे नाही. नाशिककडे वर्षातून दोनदा छाटणी करून वेलीला शिस्त लावतात, तिथली हवा कोरडी आहे म्हणून ते जमतं. कातळावर काजूच बरा.

दोघांत एक बाटली संपत नाही. उरलेली किती दिवस चांगली राहते? (दापोली)

उघडल्या उघडल्या, पहिला पेला भरायच्या आधीच, ३७५ मिलिलिटरची स्वच्छ बाटली काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. आत हवाच नसल्यामुळे ती आठवडाभर सहज राहते. हे न करता अर्धी उरलेली बाटली फ्रिजमध्येसुद्धा रोस्सो कोनेरोची तीन दिवस, लाक्रिमाची एक-दोन दिवस. बाहेर ठेवली तर दुसऱ्या संध्याकाळी आंबट व्हायला लागते.

पावसाळ्यात चिलटांकडे लक्ष ठेवा. फणस-आंब्याच्या साली पडलेल्या घरात ती पेल्यावर लगेच जमतात, आणि त्यांच्या अंगावरून व्हिनेगर करणारे जिवाणू वाइनमध्ये जातात. पेल्यावर बशी झाका, बाटलीचं बूच मधूनमधून लावत जा. तरीही आंबली तर फेकू नका: फडक्यानं गाळून, तोंडाला मलमल बांधून महिनाभर उबदार कोपऱ्यात ठेवा. निघालेलं व्हिनेगर डुकराच्या विंदालूला वापरा. माशाला लावायचं तर थोडंच, व्हिनेगरचा लाल रंग माशावर चढतो.